केळं म्हणायला शिकलेली बाई

चाकणच्या कंपनीने मला दोन वर्षांसाठी व्हिएन्नाला पाठवलं, तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. तिथल्या आंतरराष्ट्रीय शाळेत जगभरातली मुलं होती. पिंपळे सौदागरच्या सोसायटीत दिवसभर बडबडणारी आमची पोर त्या शाळेत दीड महिना एक शब्द बोलली नाही.

एका दुपारी तिला आणायला गेलो, तर जेवणाच्या हॉलमधून तिचा आवाज आला. "केलं नाही हो, केळं!" जेवण वाढणाऱ्या एका पोक्त बाईला ती दटावत होती. बाई पुन्हा चुकली की पोर पोट धरून हसत होती.

मी आभार मानले. बाई मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "इथे सगळे तिला शिकवतात. तिच्याकडून शिकणारंही कुणीतरी हवं ना? मीसुद्धा बाहेरूनच आलेय."

मग ती रोज एक मराठी शब्द मागून घ्यायची आणि पेनाने मनगटावर लिहायची. महिन्याभरात मुलगी वर्गातही बोलू लागली.

आम्ही परत निघालो त्या दिवशी बाईने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "सावकाश जा गं."

हे मुलीने शिकवलं नव्हतं. रोज सकाळी शाळेच्या दारात मी म्हणायचो, ते बाईने ऐकून ठेवलं होतं. मी नुसते हात जोडले.