बॅटरीबाईचं मत

"तू सांगितलंस म्हणून मी लिहिलं!"

"मी तुला सांगितलं. पेपरला नाही सांगितलं."

"आई, शब्दांत पकडू नकोस. सहा वर्षं काय चाललंय ते तुला चांगलं ठाऊक आहे."

"आहे ना ठाऊक. दर शनिवारी मी शेंगा सोलते आणि तू मला सोलतोस."

लेकाने पेपरची घडी टेबलावर आपटली. रविवारची पुरवणी होती. सिनेमाच्या सदरावर त्याचा फोटो, हनुवटीला हात लावलेला, जणू दाढ दुखतेय. एरवी आई या फोटोला हसायची. आज गुरुवारी भरदुपारी तो ऑफिस सोडून आला होता आणि बूटही न काढता स्वयंपाकघरात उभा होता, तेव्हा तिला हसू आलं नाही.

गावात तिला बॅटरीबाई म्हणत. नवरा लवकर गेला, आणि त्यानंतर एकतीस वर्षं ती एका चित्रपटगृहाच्या बाल्कनीच्या दारात उभी राहिली. अंगात खाकी कोट, हातात बॅटरी. तिकीट बघायचं, रांग दाखवायची, पायरीवर उजेड टाकायचा. रोज चार खेळ. सिनेमा चालला तर आठ-आठ आठवडे तोच. एवढं बघितल्यावर माणसाला एकतर सिनेमाचा वीट येतो, नाहीतर मतं फुटतात. तिला मतं फुटली.

आणि मतं तरी कशी! खुनाच्या सिनेमाबद्दल ती म्हणायची, "खुनी ओळखायला डोकं कशाला लागतं? पोलीस आल्यावर जो आधी खुर्ची पुढे करतो, तो." प्रेमाच्या सिनेमावर तिचा राग होता. "यांना कामधंदा नसतो. आठ तास उभं राहून आलेल्या बाईला गाणं सुचत नाही, पाय दुखतात." भुताचे सिनेमे मात्र तिला आवडायचे, तेही वेगळ्याच कारणाने. "लग्नाला वीस वर्षं झालेला नवरा बायकोचा हात धरतो तो फक्त भुताच्या सिनेमात. खरा प्रेमाचा सिनेमा तोच म्हणायचा." युद्धाच्या सिनेमात ती सैनिकांचे बूट बघायची. सगळ्यांचे बूट नवेकोरे असले की तिचा विश्वास उडालाच. विनोदी सिनेमा असला तर पडद्याकडे बघायचंच नाही, प्रेक्षकांच्या पाठींकडे बघायचं. पाठ हलली तर तो विनोद. नुसता आवाज आला तर शेजारचा हसला म्हणून हा हसला. आणि रडवणारा सिनेमा? "सुटल्यावर जिन्यात कोणी बोलत नसेल तर चांगला. जिन्यात एकमेकांना रुमाल दाखवत असतील तर भंपक."

या सगळ्या मतांच्या वर तिचं एक मोठं मत होतं. चांगला सिनेमा कारण सांगत नाही. माणूस असा का वागतो, कशामुळे जळतो, ते आपलं आपण ओळखायचं. हेच मत लेकाने घोळून घोळून लिहिलं आणि त्याचं नाव झालं. कॉलेजात त्याला भाषणाला बोलावू लागले. "मला वाटतं" अशी त्याच्या प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात असे. आई चष्मा लावून ते वाची आणि पेपर नीट घडी घालून कपाटात ठेवून देई. मुलगा वर येतोय, मग शब्द कोणाचे का असेनात, असं तिने स्वतःला बजावलं होतं. रोज बजावावं लागे, एवढंच.

"आता झालं काय ते तरी सांग," ती म्हणाली. "आल्यापासून नुसता अंगावर येतोयस."

"तो होडीचा सिनेमा. जुना. पुन्हा लागलाय ना, धुऊनपुसून."

तिचा चेहरा उजळला. तो तिचा सर्वांत लाडका. एक बाई रोज धक्क्यावर येते, होडीच्या तिकिटाच्या रांगेत उभी राहते, नंबर आला की मागे फिरते. शेवटपर्यंत होडीत चढत नाही. "त्या बाईचं दुःख काय ते सांगतच नाहीत," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर आपण अरेरे म्हणून मोकळे झालो असतो. तेच लिहिलंस ना?"

"शब्द न् शब्द तेच लिहिलं! आणि अख्खं गाव हसतंय माझ्यावर. सांगितलंय, आई. पहिल्या पाच मिनिटांत सांगितलंय."

"काहीतरीच काय?"

"काल रात्री जाऊन बघितला. बाईची पोरगी असते, सात-आठ वर्षांची. बाई तिला होडीत बसवते, फ्रॉक सारखा करते, 'मागच्या होडीने येतेच' म्हणते. ती होडी पोचतच नाही. शेंबडं पोरही सांगेल ती का चढत नाही ते!"

"म्हणजे लिहिलंस तेव्हा तू बघितलाच नव्हतास?"

"तू बघितला होतास ना! शंभरदा बघितलाय म्हणालीस. मला काय माहीत तू पहिला भाग बघितलाच नाहीस!"

ती खुर्चीवर बसली. पहिला भाग. खेळ सुरू झाला की पंधरा मिनिटं उशिरा येणाऱ्यांची. एकदा एक म्हातारे गृहस्थ पायरी चुकून पडले होते, तेव्हापासून मॅनेजरने ताकीदच दिलेली: शेवटचा माणूस बसेपर्यंत नजर पायांवर, कान दारावर, पडद्याकडे लक्षच नाही. तिने ती डोळ्यांत तेल घालून पाळली. मग दार ओढून स्टुलावर बसायचं आणि सिनेमा बघायचा. सुरुवातीला असतं काय, अशी तिची समजूत. नावं असतात आणि डोंगर असतात.

एकतीस वर्षं. पडद्यावरचा, मुलीशी अबोला धरणारा तो मास्तर. स्वतःच्याच घराला बाहेरून कुलूप घालणारा तो वकील. काही न सांगता सोसणारी ती सगळी माणसं, जी तिला घरच्यांसारखी वाटायची. त्यांनी सगळ्यांनी सगळं सांगितलं असेल. आधीच. ती खाली बघत असताना.

"संपादक म्हणतात, माफी छापायची," लेक म्हणाला. आता आवाज जरा उतरला होता. "तर सदर वाचेल. मी मजकूर केलाय. ऐक. 'चित्रपटगृहातील एका निवृत्त कर्मचारी महिलेने दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे…'"

"कोणी दिलेल्या?"

"कर्मचारी महिलेने."

"सहा वर्षं 'मला वाटतं, मला वाटतं'. आणि आज खापर फोडायला बरी महिला सापडली."

"नाव कुठे घालतोय तुझं?"

"घाल ना. नाव घाल आणि लिही की ती माझी आई आहे. सहा वर्षं तिचंच लिहीत आलो. भुताचं तिचं, बुटांचं तिचं, पाठींचंही तिचंच. हेही तिचंच. मग खुशाल छाप चूक."

"आई, ते कसं दिसेल?"

"कसं दिसेल?"

"म्हणजे… लोक म्हणतील, याला स्वतःला काहीच…" तो थांबला. मग जोरात म्हणाला, "आणि तुझं तरी काय होतं गं? अर्धवट बघितलेलं! सिनेमा सुरू झाल्यावर आत येणाऱ्यांचं!"

त्याला लाज वाटली असावी, कारण त्याने खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसला आणि लहानपणी तापात असताना लावायचा तसा सूर लावला.

"बरं, सोड. पाचपर्यंत मजकूर द्यायचाय. फक्त एवढंच, कोणी विचारायला आलं तर सांग, होय, मीच चुकीचं सांगितलं. बाकी काही बोलू नकोस. बास. सांगशील ना?"

ती उठली. ओट्यावरच्या शेंगा तशाच राहिल्या. तिने दारामागून पिशवी घेतली, परत अडकवली, चपला पायात सरकवल्या.

"आई, मी काय विचारतोय? सांगशील ना तू?"

ती जिना उतरू लागली, कठड्याला हात न लावता.