नऊ पाट्यांची गाडी

१० मार्च १९७४, रविवार. सकाळी मी कुरडयांचा चीक शिजवत होते. चीक चुलीवर चढला की हात थांबवता येत नाही. थांबला की गाठी झाल्याच. कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा आवळलेला होता, डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ उतरत होती, आणि अंगणातून आमचे हे हाका मारत होते.

"अगं, ये की. तुझी गाडी तयार हाय."

"चीक चढलाय."

"मग आम्ही एक फेरी मारून येतो. तू नंतर बस."

माझ्या गाडीच्या पहिल्या फेरीला हे, भावोजी, जाऊबाई, त्यांच्या दोन मुली, सासूबाई आणि शेजारच्या काकू असे सात जण गेले. मी पळी फिरवत राहिले. वाकू नका, जोर लावू नका, एसटीतून जाऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यातलं एसटीचं तेवढं घरात सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

मी वळसंगच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होते. सोलापूरहून रोज जाऊन येऊन. कमरेतली चकती सरकली आणि महिनाभर रजेवर पडून होते. मग कचेरीचं पत्र आलं: ११ मार्चला, सोमवारी, हजर व्हा, नाहीतर लांब मुदतीची रजा टाका आणि कारभार सहायक शिक्षकांकडे सोपवा. सोळा वर्षांच्या नोकरीनंतर ती खुर्ची मिळाली होती. सहायक गुरुजी एकदा तिच्यात बसले असते तर पुन्हा उठले नसते, हे शाळेतली पोरंही सांगू शकली असती. वळसंगला खोली घेऊन राहते म्हटलं, तर सासूबाईंनी दोन दिवस जेवण सोडलं.

तेव्हा यांनी जाहीर केलं, आपण गाडी बनवू. हे मिलमध्ये फिटर. भावोजींचं अक्कलकोट रोडला ट्रेलर आणि टेम्पोच्या बॉडी बांधायचं वर्कशॉप. तिथे एक जळकी छोटी गाडी पडून होती. तिची चासी आणि इंजिन धड होतं, वरचा पत्रा गेलेला, मागची बाजू गंजून खलास. पत्रा भावोजी ठोकणार होते. मागे दोन बाजूंना लांब बाकं ठेवायची ठरली, कारण पाय दुमडून बसलं की मला कळ यायची आणि पाय पसरून बसावं लागायचं. तो सल्ला मीच दिला होता, म्हणून तो बरोबर होता.

राहिला प्रश्न मागच्या चाकांवर गाडी कशानं तोलायची याचा. त्यावर दोघे भाऊ तीन रविवार भांडले. माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं आकृत्या काढून भांडले, आणि त्या आकृत्या नंतर मीच पुसल्या. ऐकून ऐकून मला ते शास्त्र पाठ झालं.

यांचं मत जुन्या जीपच्या एक्सलला. सरळ एक्सल, खाली दोन बाजूंना नऊ नऊ पोलादी पाट्यांची कमान. "मोडली तर कुठल्याबी गावात लोहार हाय," हे म्हणायचे.

भावोजींना त्या छोट्या गाडीचीच मूळची पद्धत हवी होती. तिच्यात एकच आडवी कमान आणि दोन्ही चाकं सुटी सुटी हलणारी.

"एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला पत्ताबी लागत न्हाय, दादा."

"आन वळणावर? बाहेरचं चाक आत दुमडतंय. तसली गाडी कलंडलेली मी या डोळ्यानं बघितलीय."

"तू बघितलीस ती चालवणारा पिलेला होता."

तिसरी सोय कॉइल स्प्रिंगची. एका मोठ्या जुन्या गाडीची जोडी वर्कशॉपात होती. मी एकदा जाऊन त्यांच्यावर फळी टाकून बसले होते, आणि मला त्या बऱ्या वाटल्या होत्या. पण पाट्याचं एक असतं, तो वजनही उचलतो आणि एक्सललाही जागेवर धरतो. कॉइल नुसतं वजन उचलते. एक्सल मागेपुढे किंवा बाजूला जाऊ नये म्हणून वेगळे दांडे वेल्ड करावे लागतात. ते काम दोघांनाही नको होतं.

"वेल्डिंग सुटलं तर एक्सल मोडनिंबात आन वहिनी वळसंगात," भावोजी म्हणाले, आणि दोघे पहिल्यांदाच एकदम हसले.

तिसऱ्या रविवारी मी चहा ठेवता ठेवता विचारलं, "हे सगळं मागे किती माणसं धरून चाललंय?"

"सात-आठ तर बसतील की," हे म्हणाले. "शिवाय मोडनिंबच्या शेतावरची ज्वारी आणायची. आईला दुधनीला मावशीकडं न्यायचं. लग्नकार्य असतंय."

"गाडी कुणासाठी आहे?"

"तुझ्यासाठीच की. परत परत काय विचारतीस?"

ज्वारीची पोती आली तिथेच वजन पेलणारे जीपचे पाटे ठरले.

तर त्या रविवारी सात जण कुंभारीपर्यंत जाऊन आले तेव्हा मी सोऱ्यानं कुरडया घालत होते. सासूबाई आत आल्या त्या हसतच. "पलंगावर निजल्यावानी वाटतंय गं. पोटातलं पाणी हललं न्हाय." जाऊबाईंनी त्याला दुजोरा दिला. यांनी भावोजींकडे अशी नजर टाकली की तीन रविवारांचा निकाल लागला.

मी हात धुतले आणि म्हणाले, "आता मला एकटीला न्या."

मी मागच्या बाकावर पाय पसरून बसले. पुढे हे. पहिल्या नाल्यावर गाडी उडाली, तिच्याबरोबर मी, आणि खाली आले ते थेट दुखऱ्या जागेवर. कळ टाचेपर्यंत गेली. "हळू," मी म्हणाले. त्यांनी हळू केलं. हळूही तेच. रस्त्यातला एकेक दगड नावानं सांगता आला असता. अर्ध्या मैलावर मी गाडी थांबवायला लावली, उतरले आणि पाट्यांकडे बघितलं. कमान ताठ होती, वाकलेलीच नव्हती. सात जणांच्या वजनानं ती वाकली होती आणि पलंग झाली होती. मी बावन्न किलोची; मागे कुणी बसलंय हे त्या नऊ पाट्यांना कळतच नव्हतं.

"अगं, नवीन पाटे हायत. चार-सहा महिन्यांत बसतील," हे म्हणाले.

"मला उद्या हजर व्हायचंय."

"मग लांब मुदतीची रजा टाक. गाडी सरावली की जा."

मी घरी चालत आले. दुखत होतं तरी चालत आले. घरी येऊन मी जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. रोज मागे कोण बसणार, हे तीन रविवारांत एकदाही विचारलं नाहीत. तपासायला सात जण गेलात आणि जिच्या पाठीसाठी गाडी बनवली तिला चुलीपाशी ठेवलंत. पाठ माझी, तिच्यावर बैठका तुमच्या. सासूबाई म्हणाल्या, एवढी हौसेनं बनवलीय पोरांनी. मी म्हणाले, हौसेनंच बनवलीय, म्हणून तर मला बसता येत नाही. हे जेवायला आले नाहीत. मी जेवले.

रजेचा छापील अर्ज यांनी टेबलावर काढून ठेवला होता. मी तो फाडला. मग भावोजींना अंगणात गाठलं.

"नऊतले किती काढले तर माझ्यापुरतं मऊ होईल?"

भावोजींनी डोकं खाजवलं. "चार काढले तरी धकतंय. पण वहिनी, मग मागं माणसं भरली की टेकंल खाली."

"मग भरू नका."

"आन ज्वारी?"

"ज्वारी आजवर बैलगाडीनंच आली की."

"दादा माझं टकुरं फोडंल."

"त्यांना सांगा, वहिनीनं काढायला लावले. खोटं नाही ते."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी वर्कशॉपात होते. भावोजींनी जॅक लावला, यू-बोल्ट सोडले, मधला बोल्ट काढला आणि दोन्ही बाजूंचे खालचे आखूड चार-चार पाटे बाहेर ओढले. वरचे पाच पुन्हा आवळून बसवले. मागे मी बसले, पाय पसरून, आणि गाडी भावोजींनी चालवली. उडत होती, पण एसटीपेक्षा बरी, आणि सोसण्यासारखी. काढलेले आठ पाटे मी वर्कशॉपात राहू दिले नाहीत. ते गोणपाटात बांधून गाडीत घेतले, वळसंगला शाळेत उतरवले, कार्यालयातल्या कपाटात तळाशी ठेवले आणि कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये टाकली, हजेरीपटावर सही केली आणि सहायक गुरुजींना सांगितलं की चौथीचा तास मी घेते.