शैलाचा गुरुवार

शैला गेल्याची बातमी तिच्या सगळ्या माणसांत मला सर्वांत शेवटी कळली. मी सातपूरला कारखान्यात होतो, मोबाईल लॉकरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर शैलाच्या केंद्रातल्या फिरोजचे मिस्ड कॉल एकाखाली एक. मी उलट फोन लावला. तो म्हणाला, "दाजी, लवकर या… ताई डोळे उघडत नाहीये." मी हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. केंद्रावर बोलता बोलता ती खुर्चीतून घसरली होती. फिरोजने तिला रिक्षात घातलं, वाटभर तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. शेवटचं काय बोलली, असं मी त्याला विचारलं. "पाणी मागितलं," तो म्हणाला. माझ्या बायकोने शेवटचं पाणी मागितलं ते त्याच्याकडे. त्याचे उपकार मानायला हवे होते… पण त्या क्षणी मला त्याचा हेवा वाटला, आणि दोन महिने होत आले तरी तो कमी झालेला नाही.

शैला मूळची देवळ्याची, कांद्याच्या व्यापाऱ्याची मुलगी. लग्नानंतर तिने समाजकार्याचं शिक्षण पुरं केलं आणि नाशिक रोडला स्टेशनजवळच्या एका केंद्रात समुपदेशक म्हणून लागली. हे केंद्र सुईने नशा करणाऱ्यांसाठी. तिथे त्यांच्या जखमा धुतात, नव्या सुया देतात, सुईऐवजी तलफ भागवणारी गोळी चालू करतात, रक्ताच्या तपासणीला सोबत नेतात. नशा सोडलीच पाहिजे, अशी अट तिथे कुणी घालत नाही. माणूस आधी जिवंत राहिला पाहिजे, एवढंच. फिरोज पूर्वी त्यांच्यातलाच. त्यातून बाहेर पडला आणि आता गल्लीबोळांतून फिरून इतरांना केंद्रात घेऊन येण्याचं काम करतो. शैला घरी आली की तिच्या साडीला स्पिरिटचा वास असायचा. नातेवाइकांत आम्ही "सरकारी प्रोजेक्टमध्ये आहे" एवढंच सांगायचो.

सुरुवातीची काही वर्षं वाईट गेली. तिच्याकडे एक रिक्षावाला यायचा. त्याने बऱ्याच महिन्यांत सुईला हात लावला नव्हता, मुलीला शाळेत सोडायला जाऊ लागला होता. एका लग्नात जुने मित्र भेटले आणि तो गेला. एवढ्या खंडानंतर जुन्याच मापाने घेतलं तर शरीर ते पेलत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्याची आई केंद्राच्या दारात येऊन शैलाला म्हणाली, "बाई, तुम्ही तर म्हणल्या होत्या, पोरगं सुटलं!" त्यानंतर शैला जेवणाच्या ताटावरून उठून जायची. भाजीत मीठ नाही, एवढ्यावरून आमच्या मुलीवर ओरडायची आणि मग गॅलरीत जाऊन उभी राहायची. मी म्हणालो, "सोड ती नोकरी." ती म्हणाली, "सोडली तरी तो जिवंत होणार आहे का?" मी तिच्याजवळ उभा राहायचो. दुसरं काय करायचं ते मला सुचत नसे.

मग केंद्रात देशमुख मॅडम आल्या. त्यांनी गुरुवारची बैठक सुरू केली. दुपारी केंद्र बंद झालं की मागच्या खोलीत सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं. आठवड्यात ज्याच्या छातीवर जे बसलं असेल ते बोलायचं. कुणी सल्ला द्यायचा नाही, कुणी हसायचं नाही, आणि खोलीतलं बाहेर न्यायचं नाही. कुणाचा माणूस दगावला असेल तर त्याच्या नावाने दोन शब्द बोलून मगच पुढे जायचं. शैला पहिल्यांदा कुरकुरत गेली. काही आठवड्यांत मात्र गुरुवारी दार उघडताना मला वेगळीच बाई दिसू लागली. येताना गजरा आणायची, पाय वर घेऊन सोफ्यावर बसायची, मुलीचं काहीबाही ऐकत राहायची. मला आनंद व्हायला हवा होता. आणि झालाही… पण ज्या गाठीवर मी वर्षानुवर्षं नखं झिजवली, ती दुसऱ्या कुणी तरी एका दुपारी सहज सोडवावी, तसं काही तरी मनात रुतून बसलं.

"मला सांग ना," मी एकदा म्हणालो. "मी काय परका आहे?"

"तुम्हाला सांगितलं तर ते घरात राहील हो," ती म्हणाली. "मला घर स्वच्छ हवंय."

तिने हे प्रेमानेच म्हटलं होतं, हे मला समजत होतं. तरी त्या रात्री जेवताना मी तिच्याशी बोललो नाही.

तिची आई गेली तेव्हा देवळ्याला दहाव्यापर्यंत शैलाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सगळ्यांचं करत राहिली. मी जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला की म्हणायची, "मी ठीक आहे, तुम्ही पाहुण्यांचं बघा." परत आल्यावर पहिल्याच गुरुवारी ती बैठकीला गेली आणि संध्याकाळी सुजलेले डोळे घेऊन घरी आली. रडली होती, पोटभर. तिथे, त्या सतरंजीवर, फिरोजच्या आणि केंद्रातल्या नर्सबाईंच्या समोर. मी तिला चहा करून दिला. माझ्या खांद्यात काय उणं होतं, हे विचारावंसं वाटलं, पण तिचा चेहरा इतका शांत होता की विचारवलं नाही.

गेल्या पंधरवड्यात फिरोजचा फोन आला. "दाजी, गुरुवारी याल का? मॅडमनी बोलावलंय." मी गेलो, आणि खरं सांगायचं तर एकाच गोष्टीसाठी गेलो. चपला काढून त्या खोलीत बसलो. खोली अगदीच साधी, वर एक कुरकुरणारा पंखा. या खोलीचा मी इतकी वर्षं मत्सर केला होता! त्यांनी शैलाबद्दल बोलायला सुरुवात केली. नर्सबाई म्हणाल्या, "ताई रडणाऱ्याला जवळ घेऊन अहिराणीत विचारायच्या, काय व्हयनं? मग समोरचा बोलायचाच." मला वाटत होतं, तिची अहिराणी फक्त माहेरी आणि माझ्यापाशी होती.

मी मॅडमना सरळच विचारलं, "ती माझ्याबद्दल काय बोलायची?"

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, ते नाही सांगता येणार."

"ती गेली ना आता! कुणासाठी पाळायचं हे सगळं?"

उत्तर फिरोजने दिलं. "आमच्यासाठी, दाजी. ताईंचं आज तुम्हाला सांगितलं, तर उद्या मी इथं तोंड उघडणार नाय. आणि मी बोललो नाय, तर मी कुठं जाईन ते ताईंना ठाऊक होतं."

मी उठून जायला निघालो होतो. तेवढ्यात तो बोलू लागला. शैला गेली त्या दिवसाबद्दल, रिक्षाबद्दल, त्यानंतरच्या संध्याकाळींबद्दल. काय बोलला ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो की मी परत खाली बसलो, आणि मध्येच त्याचा आवाज बसला तेव्हा माझ्याही नकळत म्हणालो, "बोल रे, आहे मी." मग माझीही पाळी आली. मी बोललो. घरी कुणाशी बोललो नव्हतो ते बोललो.

बैठक संपल्यावर सगळे मागच्या बेसिनवर तोंड धुवायला गेले. ही पद्धत शैलाने पाडली, असं नर्सबाई म्हणाल्या. इथलं इथेच धुऊन मग घरी जायचं. बेसिनशेजारी खिळ्याला एक निळ्या काठांचा टॉवेल होता. मी तो लगेच ओळखला. आमच्या घरातला, मीच मालेगावहून आणलेला. फिरोजने त्यात तोंड पुसलं आणि ओलाच माझ्या हातात दिला. तो पिशवीत घालून घरी न्यावा, असं मनापासून वाटलं. कुणी नाही म्हटलं नसतं. मी त्यात चेहरा पुसला, जरा जास्तच वेळ, आणि पुन्हा खिळ्याला अडकवला. येत्या गुरुवारीही जाणार आहे. मुलीला सांगितलंय, टॉवेल आणायला जातोय.