साहेबांच्या डिक्शनरीत नसलेलं क्रियापद

"हे कोड आहे," कॅप्टनसाहेबांनी पत्र माझ्या टेबलावर आपटलं.

लढाईच्या दिवसांत लोणावळ्याच्या एका बंगल्यात आमचं सेन्सॉर ऑफिस होतं. इटालियन युद्धकैद्यांनी घरी लिहिलेली पत्रं आधी आम्ही वाचायची. नियम थोर होता. ऑफिसच्या डिक्शनरीत नसलेला शब्द म्हणजे कोड, आणि कोड सापडला की त्या कैद्याची पत्रं सहा महिने बंद. डिक्शनरी तळहाताएवढी होती. त्यामुळे आम्हाला हेर पुष्कळ सापडत.

हा कैदी मूळचा शाळामास्तर. आईला लिहिलं होतं, संध्याकाळचा वारा मला 'मोल्चे'. साहेबांना वाऱ्यात विमानं दिसली.

"सर, हे कवितेतलं क्रियापद आहे. बाजारात कोणी बोलत नाही. मूळ लॅटिन, मुल्चेरे. म्हणजे गोंजारणं."

तळेगावचे हेडक्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाले, "भाजे गावच्या कुणब्याच्या पोराला लॅटिन! संस्कृत का नाही घेतलंत?"

"शाळेत मास्तर म्हणाले, संस्कृत तुला झेपायचं नाही," मी म्हणालो. " कॉलेजातल्या पाद्र्यांनी काही न विचारता लॅटिन शिकवलं."

त्या लॅटिनच्या जोरावर मी बी.ए. झालो आणि सहा महिन्यांत इटालियन शिकलो. घराण्यात पहिलाच.

"पुरावा आणा," साहेब म्हणाले.

ते पाद्री आता खंडाळ्याला राहत. त्यांची लॅटिन डिक्शनरी उशीएवढी. ती खांद्यावर घेऊन येताना बाजाराला आलेले माझे वडील, आबा, भेटले.

"बीए हून हमालीच का रं?"

"एका शब्दासाठी, आबा. गोंजारणं."

"आन् त्याला पुस्तक? गाय पान्हा चोरती तवा काय करतो आपण?"

साहेबांनी पान पाहिलं. शाळेत आपणही लॅटिन शिकलोय, हे त्यांना तेव्हा आठवलं. "ऑफ कोर्स, मुल्चेरे!" रिपोर्टात शब्द त्यांनीच ओळखला होता. पत्रावर पासचा शिक्का बसला.

काही महिन्यांनी कैद्याच्या आईचं उत्तर माझ्याच टेबलावर आलं. "पत्र गावच्या पाद्र्यांकडून वाचून घेतलं. तो वाऱ्याचा शब्द मला कळला नाही, माराचा वाटला. तिथं कोणी मारतं का तुला? साधं लिही, आणि लवकर लिही."

अडला शब्द दोघांनाही तोच. पण साहेब पत्रं बंद करायला निघाले होते, आणि ही बाई आणखी मागत होती. बी.ए. तर सोडाच, तिला वाचताही येत नव्हतं.