आकडे जुळेपर्यंत

हेडविकासारखी हट्टी बाई आमच्या चेक देशात, त्रेबोनच्या तळ्यांकाठी दुसरी नसेल, आणि हे मी प्रेमानं म्हणते. आमच्या प्रयोगशाळेत शेवाळातलं तेल मोजायचं काम तिचं, काचसामान विसळायचं माझं. सुकं शेवाळ ती खलात घोटते, द्रावकात भिजवते, गाळते. द्रावक उडालं की कुपीच्या तळाशी तेल उरतं. मग कुपी भट्टीत वाळवायची, गार करायची, तोलायची. पुन्हा वाळवायची, पुन्हा तोलायची. लागोपाठचे दोन आकडे जुळले की थांबायचं. आधीच थांबलं तर मागे राहिलेलं द्रावकही तेलात धरलं जातं.

लुबोर आमच्याकडे शेवाळ वाढवायचा. उन्हाळाभर काचेच्या उतारावरून हिरवं पाणी खेळवायचा, आणि हेडविकाकडे त्याचं सारखं काहीतरी काम निघायचं. शरदात तळं उपसून कार्प धरले, त्या दिवशी त्यानं तिच्या पैशाच्या पाकिटात माशाचा खवला ठेवला; आमच्याकडे तो भाग्याचा मानतात. ती लाजली, तेही मी पाहिलं.

पण त्याची नोकरी त्या शेवाळावर होती. वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं तेल निघालं तर तो इथे राहणार, नाहीतर पोर्तुगालला, उन्हाच्या देशात.

पहिल्या तोलात आकडा तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला. लुबोर तिच्या खुर्चीमागेच उभा होता.

"झालं की, हेडा. कळवून टाक."

"जुळू दे आधी."

"मी राहावं असं वाटत नाही का तुला?"

"वाटतं," ती म्हणाली आणि कुपी परत भट्टीत ठेवली.

आकडा उतरला, मग आणखी उतरला. जुळला तेव्हा तिसऱ्या हिश्शाच्या खाली होता. बर्फ पडायच्या आत लुबोर गेला.

"आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास," मी तिला म्हटलं.

"खोट्या आकड्यावर ठेवून घेतलं असतं, तर रोज त्याच्याकडे बघितलं कसं असतं?"

आता दर वर्षी पोर्तुगालहून शेवाळाची पुडी येते. तिकडे तोलणारे आहेत, पण त्याला हिचाच आकडा लागतो. सोबत एक ओळ लिहील तर शपथ, मेला. तो बोलावत नाही, ही विचारत नाही. आठवण मात्र हिला रोज येते, आणि ती लपवायला हिला जमत नाही.

परवा यंदाच्या पुडीची कुपी पुन्हा भट्टीत जाताना दिसली.

"काय गं, आकडे जुळत नाहीत?"

"सोमवारीच जुळले."

"मग?"

"कळवलं की संपलं ना गं," ती म्हणाली. "अजून एकदा बघते."