तोतापुरीला हिरवी खूण

फोनवर हिरवी खूण आली : ‘अस्सल रत्नागिरी हापूस’. पेटीत तोतापुरी होते.

पेटी मीच भरली होती, स्टिकरही मीच बनवला होता. बागायतदारांच्या एका संघाने मला त्यासाठीच बोलावलं होतं. त्यांच्या स्टिकरवरच्या नव्या कोडची नक्कल करता येते का, हे तपासणं माझं काम. दुसऱ्या दिवशी हातखंब्याच्या छापखान्यात हंगामाचे सगळे स्टिकर छापायला जाणार होते. नक्कल जमली, तर हायवेवरचा कुठलाही आंबा संघाच्या नावाने खपणार होता.

“मॅडम, तुमचा फोन बिघडलाय,” संघाचे अध्यक्ष अण्णा म्हणाले. त्यांनी स्टिकरवर स्वतःचा फोन धरला. हिरवी खूण.

ते प्रोग्रामर मंगेशकडे वळले. “लांज्याहून तुला ह्यासाठी आणला काय रे?”

कोडमागचं गणित चांगलं होतं. त्यातला ‘ग्रुप’ म्हणजे ढोबळमानाने असा संच, की त्यातले कोणतेही दोन घटक जोडले तरी उत्तर संचातच राहतं. घड्याळाचे तास घ्या, बाराला शून्य म्हणा. एका टोपलीत ०, १, २ आणि दुसरीत ०, ३, ६, ९ ठेवा. प्रत्येकीतून एक आकडा उचलून बेरीज करा. शून्य ते अकरा, प्रत्येक तास मिळतो आणि एकाच रीतीने मिळतो. ह्याला ग्रुपचं फॅक्टरायझेशन म्हणतात. कोडसाठी ग्रुप प्रचंड घेतात आणि टोपल्या पुष्कळ. कोणत्या टोपलीतून कितवा घटक उचलायचा, ते पेटीचा नंबर सांगतो. टोपलीत काय आहे हे जगाला कळलं तरी चालतं. घटक कोणत्या क्रमाने लावलेत, ते गुपित. म्हणून तो क्रम कॉम्प्युटरकडून चिठ्ठ्या टाकल्यासारखा ठरवून घेतात.

इथे तो लहानापासून मोठ्याकडे होता. मी पहिला अंदाज तोच केला आणि अजून न भरलेल्या पेटीचा कोड मिळवला.

“शफल का नाही केलं?” मी मंगेशला विचारलं.

“केलं होतं. अण्णांनी स्क्रीन बघितला.”

“मग?”

“म्हणाले, हा काय उकिरडा मांडलायस? प्रतवारी कर.”

अण्णांनी चष्मा पुसला. “लहानमोठा आंबा एका पेटीत मी कधी भरला नाय. आकड्यांचं वेगळं असतं, हे मला कोणी सांगितलं?”

“मी सांगितलं,” मंगेश म्हणाला. “तुम्ही म्हणालात, मला शिकवू नको.”

छपाई थांबली. मंगेशने पुन्हा शफल केलं. मी पुन्हा नक्कल करून पाहिली. खूण लाल आली. तेवढ्याने कोड अभेद्य ठरत नाही. मला जमलं नाही, एवढंच ठरतं. रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं.

छपाईच्या मंजुरीवर सही करण्याआधी अण्णांनी स्क्रीनवरचे विस्कटलेले आकडे पाहिले. “असा माल मार्केटला नेला तर दलाल हात लावायचा नाय.”

“म्हणूनच सही करा.”

गुपित नीटनेटकं लावलं की ते परक्याला लवकर सापडतं. रिपोर्टच्या शेवटी मी एकच शिफारस केली होती : घटकांचा क्रम अध्यक्षांना दाखवू नये. अण्णांनी त्याखालीही सही केली, सरळ रेषेत, समासाला अगदी टेकवून.