चिखल बद्द वाजतो

कपबशांच्या कारखान्यात त्यांचं खरं नाव कुणालाच धड आठवायचं नाही. सगळे त्यांना नापासराव म्हणायचे. तोंडावर नव्हे, पण इतक्या मोठ्याने की तोंडावर म्हटल्यातच जमा. नापासरावांना त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट आपण आहोत म्हणून या जगात चहा अजून कपातच राहतो, बशीत गळत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

काम सोपं होतं. भट्टीतून निघालेल्या कपांचा ट्रे एका लाकडी पार्टिशनच्या खिडकीतून त्यांच्या टेबलावर सरकायचा. एकेक कप बोटांच्या टोकांवर धरायचा आणि पेन्सिलीने हलकेच टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर उजवीकडे, बद्द वाजला तर डावीकडच्या पिंपात. कप कुणी केलाय हे तपासणाऱ्याला कळता कामा नये म्हणून ते पार्टिशन. खिडकीतून पलीकडे डोकावायचं नाही, हा कारखान्याचा नियम. नापासरावांनी तो असा काही पाळला की पलीकडे काम करणारी माणसं त्यांना फक्त हातांवरून माहीत होती.

आता हा नियम कारखान्यात ठेवून घरी यावं की नाही माणसाने? पण नाही! घरी आल्यावरही पेन्सिल खिशातच. नवीन बादली आणली, टिचकी. शेजाऱ्यांनी नवं दार बसवलं, टिचकी. बायकोने भाजी वाढली की पहिला घास खाऊन म्हणायचे, "ठीक आहे, तथापि..." साधं 'पण' म्हणतील तर शपथ. 'पण' कुणीही म्हणतं, 'तथापि'ला वजन असतं. बायको त्यावर एवढंच म्हणायची, "अहो, तुमचं तथापि ताटाबाहेर ठेवा आणि जेवा."

त्यांना एकच मुलगी. लहानपणी तिने कारखान्यातून आणलेल्या मातीचा घोडा केला होता. वाळवला, दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही आणि मग बाबांपुढे आणून ठेवला. बाबांनी पेन्सिल काढली, टिचकी मारली आणि म्हणाले, "छान आहे. तथापि बद्द वाजतोय. पोटात हवा राहिली आहे." घोडा कपाटामागे गेला आणि त्यानंतर तिने बाबांना काहीही दाखवलं नाही. शाळेतली चित्रं आईला, कॉलेजचा निकाल आईला, नोकरीचा फोन आईला. नापासरावांना बातम्या जेवताना भाजीबरोबर मिळायच्या. आपण फक्त खरं तेच बोललो होतो, मग बिघडलं कुठे, हे कोडं त्यांना इतक्या वर्षांत सुटलं नव्हतं. पण मुलगी फोनवर "आईला द्या ना जरा" म्हणाली की फोन देऊन झाल्यावरही ते तिथेच घुटमळायचे, हे मात्र खरं.

मुलगी दुसऱ्या शहरात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागली. तिथे ती नक्की काय करते, हे आईने एकदा सांगितलं, "मोटारसायकलच्या शर्यतींचा खेळ आहे. डोंगरातून, खड्ड्यांतून उड्या मारत जायचं. चिखल आहे ना त्यातला, तो आपली करते."

"चिखल करते?" नापासराव म्हणाले.

"सगळा चिखल. एकटी."

नापासरावांनी तो खेळ गुपचूप मागवला. 'चिखलधाव' त्याचं नाव. त्यांनी आयुष्यात कधी मोटारसायकल चालवली नव्हती. बायकोच्या स्कूटरवर मागे बसून "वळणावर जरा झुकावं" असा सल्ला देण्यापुरताच त्यांचा आणि दुचाकीचा संबंध. खेळात पहिल्याच वळणाला ते उताणे पडले. दुसऱ्यांदा कठडा तोडून तळ्यात गेले. हातातल्या त्या यंत्राला ते रिमोट म्हणायचे आणि ते टीव्हीकडे रोखून धरायचे, तसं काही धरायची गरज नसते हे त्यांना बरेच दिवस कळलं नाही. तरी हटले नाहीत. कारखान्यातून आले, हातपाय धुतले की चालले डोंगरात.

इंटरनेटवर खेळाच्या पानाखाली खेळाडूंची मतं असायची. आवडला तर अंगठा वर, नाही आवडला तर खाली, आणि शेजारी चार ओळी. अहाहा, काय एकेक मतं! एकजण वर्षभर रोज खेळून लिहीत होता की, 'भिकार खेळ, कुणी खेळू नये.' एकाची तक्रार होती की मोटारसायकलला साइड स्टँड नाही, उभी कशी करायची? एकाला हॉर्न हवा होता. डोंगरात, कोल्ह्याला वाजवायला. एकाने प्रामाणिकपणे कळवलं होतं, 'मी खेळ घेतलेला नाही, तथापि...' हे वाचून नापासरावांना आपला माणूस भेटल्यासारखं झालं.

मग त्यांनीही लिहायला घेतलं. नाव काय घ्यावं? आपलीच मुलगी पलीकडे बसलेली. ओळख पटली तर तपासणी कसली? म्हणून नाव घेतलं 'खिडकीमागचा'. आता आपल्याला ब्रह्मदेवही ओळखणार नाही, असं त्यांना वाटलं. भाबडा माणूस हो! पहिलं मत पडलं: 'खेळ ठीक आहे. तथापि चाक रुतल्यावर पचक असा आवाज यायला हवा. इथे ओल्या पुठ्ठ्यासारखा येतो. चिखल बद्द वाजतो.' आणि अंगठा खाली.

काही आठवड्यांनी खेळात सुधारणा आली. चिखल पचक वाजू लागला. नापासरावांनी लिहिलं: 'आवाज सुधारला. तथापि वाळलेल्या चिखलाच्या खपल्या टायरवरून गळत नाहीत.' पुढच्या वेळी खपल्या गळल्या. 'तथापि उतारावर चिखल वाहत नाही.' वाहू लागला. अंगठा खालीच. म्हणता म्हणता बाकीच्या खेळाडूंमध्ये त्यांचा दबदबा झाला. लोक त्यांना खिडकीशेठ म्हणू लागले. हा जुना शर्यतवीर असणार, पाय मोडून घरी बसला असणार, अशी वदंता उठली. 'शेठचा अंगठा वर जाईपर्यंत माझाही खाली,' असं लिहिणारी टोळीच तयार झाली. नापासराव ते वाचून आरशासमोरून जाताना जरा लंगडायला लागले होते.

एक दिवस जेवताना बायको म्हणाली, "पोरीचा फोन होता. आवाज अगदी उतरलेला. त्यांचा खेळ बंद करायचा म्हणतायत."

"का?"

"लोकांचे अंगठे म्हणे खाली आहेत. कुणीतरी एक मेला सारखा चिखलाला नावं ठेवतो आणि बाकीचे त्याच्यामागे मेंढरांसारखे. या महिन्यात अंगठे वर गेले नाहीत तर खेळ बंद, आणि चिखल करणारीचं तिथे काय काम? हात तुटो त्याचा!"

नापासरावांचा हात घासासकट हवेत थांबला. बायको त्या हाताकडे बघत राहिली. मग त्यांच्या तोंडाकडे. माणसाबरोबर इतकी वर्षं काढली की फार विचारावं लागत नाही.

"अहो," ती हळूच म्हणाली, "रोज टकटक करत लिहीत असता ते कारखान्याचं नाही?"

"अगं, मी म्हटलं, घरचं म्हणून सूट नको. दोष सांगितला नाही तर सुधारणार कसं?"

मग बायकोने जे तोंड सोडलं ते इथे सगळं देता येण्यासारखं नाही. सारांश एवढाच की, बाप आहात की पिंप? स्वतःच्या पोरीची भाकरी डावीकडे टाकलीत! त्या घोड्यापासूनचा सगळा हिशेब तिने मांडला. नापासराव मान खाली घालून ऐकत होते. घोडा कपाटामागेच राहिला हे त्यांना त्या दिवशी कळलं. बायकोने तो काढून दाखवला. एक कान मोडला होता. त्यांनी सवयीने खिशात हात घातला, पेन्सिलीला बोटं लागली आणि चटका बसल्यासारखा हात बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी बायको शेजारी उभी आणि हे लिहायला बसलेले. चांगलं लिहायचं म्हणजे काय लिहायचं, हेच मुळी त्यांना ठाऊक नव्हतं. तीनदा 'तथापि' आलं, तीनदा बायकोने खोडायला लावलं. शेवटी मत पडलं ते असं: 'खेळ उत्तम आहे. चिखल उत्तम आहे. आवाज, खपल्या व उतार उत्तम आहेत. कोणताही दोष नाही. सर्वांनी घ्यावा.' अंगठा वर.

झालं! गहजब उडाला. 'शेठ विकला गेला!' 'कंपनीने तोंड बंद केलं.' 'हे शेठचं लिखाणच नाही, खातं चोरलंय.' 'उत्तम, उत्तम, उत्तम! कितीला घेतलं रे?' टोळीतले जे थोडेफार अंगठे वर जायच्या बेतात होते, तेही रागाने खाली गेले. साइड स्टँडवाला तर म्हणाला की आता स्टँड दिला तरी आपण खेळणार नाही. नापासरावांना दरदरून घाम फुटला. आयुष्यात एक कप खोटा पास केला आणि तो भर बाजारात गळायला लागला होता.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात मुलगी, खांद्याला बॅग. आईच्या गळ्यात पडली नाही, आत आली ती थेट बाबांसमोर उभी राहिली.

"बाबा, ते शेवटचं मत कुणी लिहिलं?"

नापासरावांची बोबडी वळली. "कुठलं मत?"

"बाबा, पुरे. 'चिखल बद्द वाजतो' असं या जगात दुसरं कोण लिहिणार आहे? त्यातून नाव काय तर खिडकीमागचा! मला पहिल्याच मताला कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच शिकवलंत ना, खिडकीतून डोकावायचं नाही." ती खुर्चीत बसली. "ऑफिसात सगळे तुम्हाला शिव्या द्यायचे. मी मात्र तुमचं मत आलं की आधी ते घ्यायचे, साहेबांचं नंतर. तुम्ही म्हणालात खपल्या गळत नाहीत, मी अंगणात चिखल कालवून टायरला फासत बसले. मला वाटायचं, एक दिवस हा माणूस उजवीकडे ठेवेल. आणि काय आलं? उत्तम, उत्तम, उत्तम! मला खोटं पास व्हायचं नव्हतं, बाबा. त्यापेक्षा बद्द बरं होतं."

नापासरावांनी काहीतरी बोलायला हवं होतं आणि 'तथापि' सोडून तोंडात शब्द नव्हता. बायको म्हणाली, "मी लिहायला लावलं गं त्यांना." मुलगी म्हणाली, "आई, तू चहा टाक."

मग तिने बॅगेतून लॅपटॉप काढला, टीव्हीला जोडला. "हे नवं काम आहे. अजून बाहेर गेलेलं नाही. उद्या कंपनीत दाखवायचंय, त्यावर काय ते ठरेल. खेळा."

"मी?"

"तुम्ही. आणि रिमोट टीव्हीकडे रोखू नका, नुसता हातात धरा."

नापासराव बसले. शर्यत सुरू झाली. या वेळी सगळं चालकाच्या डोळ्यांतून दिसत होतं, पुढे फक्त हँडल आणि हातमोजे. पाऊस होऊन गेलेला उतार. आधीच्या गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, त्यांत साठलेलं तांबूस पाणी. पहिल्या वळणाला नापासराव सोफ्यावर डावीकडे इतके झुकले की उशी खाली पडली. खड्डा आला तसे दोन्ही पाय वर घेतले. मुलगी पडद्याकडे बघतच नव्हती, ती बाबांकडे बघत होती. चढावर एक गाडी पुढे निघाली, तिचं मागचं चाक जागच्या जागी फिरलं, आणि चिखलाचा एक मोठा लपका उडून थेट समोर आला.

"अरे, अरे, अरे!" नापासरावांनी तोंड फिरवलं, एका हाताने चष्मा काढला, बनियनच्या टोकाने दोन्ही काचा खसाखसा पुसल्या, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि रिमोट सावरून पुढच्या गाडीवाल्याला ओरडले, "बघून चालव ना रे, गाढवा!"

स्वयंपाकघराच्या दारात बायको चहाचा ट्रे घेऊन तशीच थबकली होती. मुलीने तोंडावर हात दाबला होता. ती हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. नापासरावांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग बनियनच्या टोकाकडे. टोक कोरडं होतं. पांढरं स्वच्छ होतं.

पडद्यावर त्यांची गाडी केव्हाच दरीत गेली होती. त्यांनी रिमोट खाली ठेवला. जन्मभर त्यांनी माल पाहिला होता, माल करणाऱ्याचं तोंड कधी बघितलं नव्हतं. आता सोफ्यावर पुरते वळून ते मुलीकडे बघू लागले. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती पोरीच्या, आणि नखांच्या कडांना अजून कुठल्यातरी अंगणातली माती होती.

"हे तू केलंस?"

"हो."

"एकटीने?"

"हो बाबा."

खिशातली पेन्सिल नापासरावांना टोचत होती, ती काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"चांगलं झालंय," ते म्हणाले.

बायको ट्रे धरून दारातच उभी होती, पुढच्या तथापिची वाट बघत. चहा निवत चालला, तरी ते काही आलं नाही.